पोत्यातली स्प्रिंग

परवा शेड आवरताना मी टाकायच्या वस्तूंची यादी केली. सातव्या क्रमांकावर तागाचं एक फाटकं पोतं होतं. ते उचललं, ताग आणि ग्रीस यांचा मिसळलेला वास आला, आणि मी थेट अकोल्याला, सासऱ्यांच्या अंगणात पोचलो.

तेव्हा मी धारणीला नोकरीला होतो. तिथल्या रस्त्यांनी गाडीची पुढची स्प्रिंग मोडली होती. अकोल्याला आल्यावर ती घरीच बदलायचं मी ठरवलं आणि अवजारांची, पायऱ्यांची यादी केली. नवी स्प्रिंग दोन क्लॅम्पांनी आवळत, वाकून बघत होतो, तेवढ्यात मामाजी, म्हणजे माझे सासरे, आले. त्यांची हयात प्रेसिंग फॅक्टरीत रुईच्या गाठी दाबून लोखंडी पट्ट्यांनी बांधण्यात गेलेली. गाडीतलं त्यांना काही कळत नसे.

"जावईबापू, तोंड काहून नेऊन राहिले तिच्याजवळ? दाबलेली चीज हाये ते. गाठीची पट्टी तुटली का माणसाले कापते."

"मामाजी, सगळं यादीप्रमाणं चाललंय," मी चिडून म्हणालो.

त्यांनी ऐकलंच नाही. स्प्रिंगभोवती पोतं गुंडाळून दोरीनं करकचून बांधलं आणि मला बाजूला बसवलं. तिथून मी पाना फिरवला आणि क्लॅम्प सटकला. धाडकन आवाज झाला. पोतं फाटलं, पण स्प्रिंग आतच अडकली. फाटलं होतं ते नेमकं मघाशी माझा चेहरा होता त्या बाजूला.

"आता लिहा पोतं यादीत," मामाजी एवढंच म्हणाले. मी पोत्याची दोरी सोडू लागलो. आभार राहूनच गेले, आणि आता मामाजी नाहीत.

परवा दोन्ही शाबूत डोळ्यांनी मी यादी पुन्हा वाचली आणि सातवा क्रमांक खोडला.