आवाज ठेवला, चेहरा काढला

"तू कुठंयस गं यात?" आईने हळूच विचारलं.

नोएडाच्या स्टुडिओत पडद्यावर माझं गाणं चालू होतं. आवाज माझा, आणि ओठ हलत होते दुसऱ्याच मुलीचे. गोरीपान. अंगावर आमच्याच कोरसची साडी. आईला मी हौसेने सोबत नेलं होतं. लेक पडद्यावर दिसणार म्हणून ती ठेवणीतली साडी नेसून आली होती. कानशिलं तापली.

मी एका मोठ्या पॉप गायिकेच्या दौऱ्यात कोरसमध्ये गात होते. मॅडम मूळ पुण्याच्या, राहायला गुरुग्रामला. दौऱ्यात कोणती गाणी घ्यायची हे त्याच ठरवायच्या. एकदा तालमीच्या सुट्टीत मी आईची अंगाई गुणगुणत होते. त्यांना ती आवडली आणि त्यांनी ती मला एकटीला म्हणायला दिली. दिल्लीच्या शोमध्ये सगळं स्टेडियम गप्प बसून ऐकत होतं.

ती अंगाई आईने स्वतः रचलेली. आमच्या वस्तीत जयंतीला बायका गाणी रचून म्हणतात, आणि शेवटच्या ओळीत रचणारीचं नाव येतं. आईचं नाव गिरजा. ती ओळ मॅडमनी कापली. कोण गिरजा हे पब्लिकला काय कळणार, म्हणाल्या. मला कुणी विचारलं नाही.

मग त्या दौऱ्यावर सिनेमा निघाला. मला बोलावलं होतं ते माझाच आवाज त्या मुलीच्या ओठांवर नीट बसवायला, हे स्टुडिओत आल्यावर कळलं.

मी का नाही, असं मी दिग्दर्शकाला विचारलं. तो हसला. "यार, फ्रेम में थोड़ा क्लीन फेस चाहिए था."

क्लीन. मी सकाळी आंघोळ करून आले होते.

शेजारी बसलेल्या मॅडम आईकडे वळल्या. अगदी लाडाने म्हणाल्या, "मावशी, तुमच्या लोकांत आवाज असतोच हो. रूप नाही दिलं देवाने, त्याला आपण काय करणार?"

आई कसनुशी हसली. साहेब लोकांच्या घरी भांडी घासायची, तेव्हाही ती अशीच हसायची. त्या हसण्याची मला लाज वाटली. मग आईची लाज वाटली म्हणून स्वतःचीच लाज वाटली. ती दुसरी लाज फार वाईट. ती आतून सोलते.

मी हेडफोन लावला. गाऊ लागले. अंगाई संपली, पडद्यावरचे ओठ मिटले. मी थांबले नाही.

"गिरजा म्हणे, लेकी, मान खाली नको."

दिग्दर्शक म्हणाला, "ये लाइन नहीं है."

"आहे," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. घराबाहेर तोंडातून आपोआप हिंदी निघते, त्या दिवशी निघाली नाही.

सिनेमात माझा आवाज वापरण्याच्या परवानगीच्या कागदावर माझी सही व्हायची होती. ती मी केली नाही. मॅडम म्हणाल्या, नंतर पस्तावशील. दौऱ्यातून मला काढलं. इतर ठिकाणचेही फोन बंद झाले. मेट्रोत आई म्हणाली, "हातातलं काम घालवलंस." खरंच होतं ते.

लाज अजून गेलेली नाही. आरशासमोर उभी राहिले की तो 'क्लीन' शब्द ऐकू येतो. पण यापुढे माझा आवाज ज्याला हवा, त्याने माझा काळा चेहरा समोर ठेवून ऐकायचा. बघवत नसेल, तर कानही झाकून घ्यायचे.