ज्याची त्याची आंघोळ

फ्रेंच माणूस नुसता उठत नाही, तो स्वतःला उठवतो. मग स्वतःला धुतो, स्वतःला कपडे घालतो आणि रात्री स्वतःला झोपवतो. गाडी धुतली तर साधं क्रियापद चालतं. पण धुणारा आणि धुतला जाणारा एकच असेल, तर मध्ये 'मला' घालून 'मी मला धुतो' असं म्हणावं लागतं. आमच्या क्लासच्या मॅडमनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, बरोबरच आहे. एवढ्या थंडीत आंघोळ केली तर कोणी कोणाला घातली ते जाहीर करायलाच हवं.

साठी उलटल्यावर आम्ही नवराबायको येरवड्याला फ्रेंच शिकायला जायला लागलो, ते लेकीमुळे. जावई फ्रेंच, ती तिकडेच, आणि आता तिला दिवस गेलेले. बाळंतपणाला मी तीन महिने जायचं आणि विहीणबाईंशी चार शब्द बोलायचे, असा बेत. यांना यायचं नव्हतं. तिकडची थंडी आणि तिकडचं चीज, दोन्ही नामंजूर. क्लासला मात्र आले, कारण संध्याकाळी मी घरात नसले तर चहा कोण देणार? माझ्या जाण्याचं विचारलं की म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. मीही तिकीट काढत नव्हते. यांचं कसं होणार, हे लेकीला इतक्यांदा ऐकवलं की ती नुसतं "हं" म्हणायला लागली.

एका संध्याकाळी मॅडमनी प्रत्येकाला आपापली सकाळ फ्रेंचमध्ये सांगायला लावली. आयटीतल्या पोरांनी स्वतःला उठवलं, स्वतःला धुतलं आणि भराभर खाली बसली. मग हे उभे राहिले. निवृत्त बँक अधिकारी, उच्चार खणखणीत. बायको मला उठवते. बायको मला चहा देते. बायको आंघोळीचं पाणी काढते. बायको टॉवेल ठेवते, बायको शर्ट ठेवते.

"व्याकरण बरोबर आहे, काका," मॅडम म्हणाल्या, "पण आजची क्रियापदं कुठे आहेत? तुम्ही स्वतःचं स्वतः काय करता?"

यांनी पंख्याकडे बघत बराच विचार केला.

"मी मला झोपवतो," हे म्हणाले. "दुपारी, एक ते चार."

वर्ग खो खो हसला. एका मुलीनं विचारलं, "आणि काकू फ्रान्सला गेल्यावर?"

त्यावर हे सरळ मराठीत म्हणाले, "ही घरात नाही, असं अजून झालेलं नाही." आणि खाली बसले.

मला आधी चक्क सुखावल्यासारखं झालं. मग संताप आला, त्यांचा आणि त्या सुखाचाही. रिक्षा विश्रांतवाडीला घरी पोचेपर्यंत तो काही उतरला नाही. उद्या यांना उठवायचंच नाही, असं ठरवून झोपले.

सकाळी जाग आली ती बादलीच्या आवाजानं. हे न्हाऊन बाहेर आले. शर्टाची बटणं वरखाली, खांद्यावर टॉवेल माझा. ओट्यावर चहा सांडला होता, पण दोन कप भरलेले होते.

"एवढं काही अवघड नाहीये," हे म्हणाले. "काढ तिकीट."

चहा चांगला झाला होता, आणि तेच मला जास्त लागलं. यांचं कसं होणार, ही निव्वळ पळवाट होती. मला भीती वाटत होती ती लेकीच्या त्या घराची. तिथे सगळे आपले आपण उठतात, आपलं ताट आपण धुतात. लेक म्हणणार, "आई, तू बस." आणि मी तीन महिने पाहुणीसारखी बसणार. पोटच्या पोरीला आपली गरज नाही, हे बघायला एवढं तिकीट काढून कशाला जायचं?

दुपारी लेकीला फोन लावला.

"येतेय," म्हटलं. "पण बाळाला तेल लावून न्हाऊ मीच घालणार. तुझ्या सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव."