हिरव्या सुयांची आंघोळ

खाणीच्या प्रयोगशाळेत दगड धुणाऱ्या मावशीला सगळे ‘आंघोळवाली’ म्हणायचे. बत्तीस वर्षं हातात जुना दातांचा ब्रश, पुढ्यात पाण्याचं घमेलं. “मावशी, दगडाला पाझर फुटेल हो!” कोणी चिडवलं की ती म्हणायची, “फुटू दे मेला, मळ तरी निघेल!”

आणि आज खरंच फुटला. सकाळी तपासनीस बाईंनी जुन्या बोगद्यातून तो बुडण्याआधी आणलेल्या बारा नमुन्यांचा ट्रे ठेवला. खाण कायमची बंद केली होती, पाणी उपसणारे पंप थांबले होते, बोगदा पाण्याखाली गेला होता. हे शेवटचेच. सातव्या दगडावर केसासारख्या हिरव्या सुया होत्या. मावशीने सवयीने तो बुडवला, ब्रश फिरवला, वर काढला. दगड बोडका! तिने पाणी मोरीत ओतलं आणि मग जाळीवर वाकून पाहिलं. एकही सुई उरली नव्हती. इतक्या वर्षांत दगडावरचं एकही हिरवं पुट पाण्याला बधलं नव्हतं.

बाई चारला येणार होत्या. तोवर मावशीने तो दगड तीनदा ट्रेत ठेवला, तीनदा काढला. आधीपासूनच बोडका होता म्हणावं? बाईंनी नीट बघितला नसेल तर? छे, त्या बाईची नजर म्हणजे घार! नोकरी गेली तर गेली, पण उद्यापासून आपल्या हातात कोण काही देईल? पाणी प्यायचंही सुचेना.

बाई आल्या. मावशीने दगड पुढे केला आणि एका दमात सांगून टाकलं, “मी धुतला, बाई. सुया विरघळल्या.”

“विरघळल्या?” बाई खुर्चीत बसल्याच. “मी नेहमीचं पुट समजून दिला होता तुम्हाला. ते पाण्याला दाद देत नाही. हा वेगळा क्षार, मावशी. तांब्याच्या खडकातून झिरपलेलं खारं पाणी कोरड्या, बंद कोपऱ्यात वर्षानुवर्षं सुकत राहिलं, तरच धरतो. आजवर मी फक्त चित्रात पाहिला होता.”

मावशीने पदराने ओले हात पुसले, पुन्हा पुसले.

“म्हणजे तो वेगळा हे कळलंही माझ्यामुळे, आणि गेलाही माझ्यामुळेच?”

“हो,” बाई म्हणाल्या.