न चाखता केलेला नैवेद्य

बाळांनो, मागच्या सुट्टीत आला होतात तेव्हा तुम्ही विचारलंत, आजी जेवताना सारखी हनुवटी का पुसते? मी हसून वेळ मारून नेली. हसून सांगण्यासारखं ते नव्हतं. आता तुम्ही लांब आहात, तेव्हा लिहून सांगणं सोपं जाईल.

तुमचे बाबा तेव्हा कॉलेजात होते. आम्ही अंबरनाथला राहत होतो. आजोबा मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात अधिकारी होते. माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी उगवली होती, ती उल्हासनगरच्या एका दंतवैद्यांनी काढली. इंजेक्शनची बधिरता संध्याकाळपर्यंत उतरेल, असं ते म्हणाले. ती उतरली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, दिवाळीतही नाही. अर्धा ओठ, अर्धी हनुवटी, अर्धी जीभ जणू दुसऱ्याच कुणाची होती. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी नस दुखावल्याचं सांगितलं. बरी होईल का, असं विचारलं तर म्हणाले, "वाट पाहा." मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पुस्तकांवर विश्वास असलेली. वैद्यकाची पुस्तकं आणून वाचली. त्यांत नसेचं चित्र सापडलं, उपाय सापडला नाही.

न दुखणाऱ्या दुखण्याचं दुःख कुणाला सांगणार? चहानं ओठ पोळायचा आणि मला कळायचं नाही. ओठ चावला जायचा, पदरावर रक्त दिसलं की समजायचं. जेवताना हनुवटीला शीत चिकटलं की आजोबा स्वतःच्या हनुवटीला बोट लावून खुणावत. त्यांच्या त्या खुणेची मला भीती वाटू लागली. एकदा बदलापूरला, कात्रपमध्ये नणंदेकडे डोहाळजेवण होतं. भर पंगतीत ती ओरडली, "अगं वहिनी, तोंड पूस! आमटी गळतेय बाळासारखी!" सगळ्या हसल्या, मीही हसले. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतर मी चारचौघांत जेवले नाही, घरीही सगळ्यांचं झाल्यावर एकटीच बसे.

मग स्वयंपाकही सुटला. उरलेल्या अर्ध्या जिभेवर माझा भरवसा राहिला नव्हता. एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं. तुमचे बाबा आणि आजोबा ती निमूट पाण्याबरोबर गिळत होते. त्यांची ती समजूतदार शांतता मला सहन झाली नाही. मी पोळ्यांच्या बाईंनाच सगळा स्वयंपाक सांगितला आणि स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी वावरू लागले. ज्या घरात माझ्या हाताला चव नाही, माझा घास कुणी पाहू नये असं मला वाटतं, तिथं माझं काय काम, असं दुपारी एकटी बसले की मनात येई. देवापुढे दिवा लावत होते, तो घरात लागतो म्हणून. मागणं मात्र बंद केलं होतं. ऐकणाराही माझ्या ओठासारखाच बधिर असावा, असं वाटे.

महाशिवरात्रीला आजोबा म्हणाले, "चल गं, दर्शन घे नाहीतर नको घेऊ, निदान घराबाहेर तरी पड." अंबरनाथच्या त्या जुन्या दगडी देवळात मी हात जोडले, पण मन कोरडंच होतं. बाहेर उल्हासनगरचे सिंधी भाविक थादल वाटत होते, म्हणजे बदाम-खसखस घातलेलं थंड दूध. मी मान हलवली. वाटणाऱ्या जाडजूड बाईंनी ग्लास पुढेच धरला. "अदी, परसाद को ना नहीं बोलते." अदी म्हणजे ताई. मी घोट घेतला आणि व्हायचं तेच झालं. आजोबांचं बोट हनुवटीकडे जाणार, तोच त्या बाईंनी आपल्या ओढणीच्या टोकानं माझं तोंड पुसलं, पुसता पुसता मागे ओरडल्या, "अरे, गिलास धो के दो ना!" त्यांचा हात मला जाणवला नाही. ओढणीवरचा ओला डाग दिसला, तेव्हा कळलं.

"मुँह को क्या हुआ?" त्यांनी विचारलं, आणि कुणालाच न सांगितलेलं मी त्या परक्या बाईंना सांगून बसले. जीभ बधिर झाली, चव कळत नाही, स्वयंपाक सोडला.

"तो भगवान का भोग पहले चख के बनाती थी क्या?"

"नाही."

"कमाल करती हो, अदी! शंकरजी ने कभी थाली वापस भेजी? बोला, नमक कम है?"

आजोबा खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. मला मात्र रडू आलं. माझ्या आईनं शिकवलं होतं, नैवेद्याच्या पदार्थाचा वासही घ्यायचा नाही. हाताच्या अंदाजानं मीठ घालायचं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. आयुष्यभर मी तसंच केलं होतं, आणि नेमकं तेच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी उपास सोडायला वरण-भात आणि मटकीची उसळ मी केली. मीठ हाताच्या अंदाजानं घातलं, चाखलं नाही. नैवेद्य दाखवला, मग आजोबांना वाढलं. "कशी झालीय?" ते म्हणाले, "मीठ जरा कमी आहे." चिमूटभर वरून घेतलं आणि पुन्हा उसळ मागितली. ते खोटं बोलले असते, तर मी परत चुलीपाशी गेले नसते. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी त्यांच्या समोर बसून जेवले.

मी बरी झाले नाही, हे सांगायलाच हवं. अजून थंड वारा लागला की हनुवटीत मुंग्या येतात, आणि काही दुपारी ती जुनी निराशा शेजारी येऊन बसते. त्या बाई देव होत्या, असंही मी म्हणत नाही. माझ्यामागच्या रांगेला ग्लास देण्याची त्यांना घाई होती. पण जिथं मला काहीच कळत नव्हतं, तिथं कुणीतरी हात फिरवून गेलं होतं. माझ्या न कळण्यानं त्याचं देणं अडलं नव्हतं. हे उपकार फेडता येणारे नाहीत. म्हणून रोज मीठ घालते, झाकण ठेवते आणि हात जोडते.