त्याच नावाची तिसरी बोट

मला माझं नाव सेकंडहँड मिळालं. आधी ते माझ्या मोठ्या भावाचं होतं. तो अडीच वर्षांचा असताना तापाने गेला, तेव्हा बाबा समुद्रावर होते. पुढे मी झालो आणि बाबांनी बारशाला तेच नाव पुढे केलं. डोंबिवलीची आत्या भडकली. "गेलेल्या पोराचं नाव कुणी ठेवतं का रे दादा? दगड्या-धोंड्या काहीही ठेव, पण हे नको!" बाबा नौदलात, इंजिनरूममधले. त्यांच्या बोटीचं नावही आधीच्या मोडीत निघालेल्या बोटीवरूनच ठेवलेलं. "आमच्यात बोट जाते, नाव जात नाही," ते म्हणाले. शेवटी आत्यालाच ते माझ्या कानात सांगावं लागलं. आईला कुणी विचारलंच नाही.

आईने मला त्या नावाने कधी हाक मारली नाही. घरात "अरे", "ए", "ऐक की". पाहुण्यांसमोर "आमचा हा". शाळा सुटल्यावर बाकीच्या आया पोरांना नावाने बोलवायच्या, माझी आई टाळी वाजवायची. मी टाळी ओळखून पळत जायचो. हिला तो हवा होता, मी नको होतो, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. एकदा तरी तिने नावाने हाक मारावी, एवढंच वाटायचं. पन्नाशी आली तरी वाटायचं, आणि मग स्वतःचाच संताप यायचा.

मध्यंतरी बाबांच्या बोटीच्याच नावाची तिसरी बोट नौदलात दाखल झाली. जुन्या खलाशांना आमंत्रणं आली. मी ठाण्यातच कोपरीहून वर्तकनगरला आईबाबांकडे गेलो, बाबांना गाडीत घातलं आणि मुंबईला गोदीत नेलं. छातीवर पदकं लावून बाबा नवरदेवासारखे बसले होते. एक तरुण अधिकारी माईकवर सांगत होता, आपल्या बोटीने अमक्या युद्धात असा पराक्रम केला न् तमक्या युद्धात तसा. आपल्या म्हणे! पत्रा-पत्रा सुटून त्या बोटीचं भंगार झालं त्याला जमाना लोटला. ही नवीकोरी, रंगाचा वासही गेलेला नाही, आणि टाळ्या हिला.

"हिने काय केलंय हो बाबा?" मी विचारलं.

"नाव तेच आहे ना," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं डोकंच सणकलं.

घरी आलो तर आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेली. "आमची बोट परत आली गं," बाबांनी दारातूनच सांगितलं.

"आणि जुनीची आठवण काढायची तर कुठल्या नावाने काढायची?" आईने विचारलं.

"त्याच नावाने की!"

"तसं होत नाही," आई म्हणाली. "मी करून पाहिलंय."

बाबा बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी टीव्ही लावला. मी मात्र सोडलं नाही. "आई, माझं नाव घ्यायला तुला एवढं जड का जातं गं?"

तिने जुडी खाली ठेवली. "तुझ्यावर कधी राग नव्हता रे बाळा. पण तो गेल्यावर माझ्याकडे त्याचं काय राहिलं होतं? साधा फोटो नाही. नाव तेवढं होतं, तेही ह्यांनी उचलून तुला दिलं. एकदा त्याच्या आठवणीने तोंडातून हाक गेली, तर तू हसत हसत रांगत आलास. मग सोडूनच दिलं मी."

इतकी वर्षं मी तिच्यावर डूख धरून होतो. आणि लुटलेलं तिला! मला स्वतःची, बाबांची, त्या चकचकीत बोटीची, सगळ्यांची चीड आली.

"मार त्याला हाक," मी म्हटलं. "आत्ता मार. मी ओ देणार नाही."

तिने हात पदराला पुसले. मग खिडकीकडे तोंड करून तिने हाक मारली. मोठ्याने, लाडाने, खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलवतात तशी. मला कळायला लागल्यापासून तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"अरे, आई हाका मारतेय," बाबा बाहेरून ओरडले, "ऐकू येत नाही का तुला?"

मी दात आवळून गप्प बसलो.