वाटीतली मेथी

आमचे वडील नवी पेठेत झंपर शिवायचे. सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांचे डोळे गेल्यातच जमा होते. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले, "साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. गोळ्या घ्या आणि तोंड आवरा." गोळ्या वडिलांनी घेतल्या. तोंड आवरणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

दह्याशिवाय त्यांना घास उतरत नसे, तेही साखर घातलेलं. आईनं साखर बंद केली. मधुमेहाला मेथी चांगली असं कुणी तरी सांगितलं होतं. तिनं ती भाजून कुटली आणि कढीपत्त्याच्या पुडीबरोबर विरजण लावतानाच दुधात मिसळली. वडिलांना सांगितलं नाही. दिसत तर नव्हतंच, पण जीभ शाबूत होती.

"लई कडू हाय की. दूध नासलं व्हय?"

"दूध चांगलं हाय. मेथी हाय त्यात. गप खावा."

त्यांनी वाटी सरकवली. आईही काही कमी हट्टी नव्हती. मेथी कमी भाजून बघितली, जास्त भाजून बघितली, जिरं घातलं, आलं घातलं. फसलेलं दही आम्ही पोरांनी संपवायचं, आणि तोंड वाकडं करायची सोय नव्हती. शेवटी एकदाचं जमलं. वडील भाकरीबरोबर ते मुकाट खाऊ लागले.

मग माढ्याला वडिलांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. आईनं दह्याचा डबा बरोबर घेतला. पंगतीत चुलते जिलबी घेऊन वडिलांपुढं अडून बसले.

"दादा, एक तरी घ्या. न्हायतर आमचा मान ऱ्हात न्हाय."

पानात जिलबी पडली आणि वडिलांचा हात तिच्याकडे गेलाच. बायकांची पंगत अजून बसायची होती. आई सरळ पुरुषांच्या पंगतीत शिरली. "ह्यांच्या पानातलं मागनं मलाच खायचं असतंय. आत्ताच खाते," म्हणत तिनं जिलबी उचलली, सगळ्यांदेखत उभ्यानं खाल्ली आणि पानावर दही वाढलं. चुलते जिलबी घेऊन पुढच्या पानाकडं सरकले. मला त्या दिवशी आईचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढं कुणाचा वाटला नाही.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी ऑपरेशनला होकार दिला. साखर गोळ्यांनी उतरली की दह्यानं, हे त्यांनी सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही, तिचं ठरलेलं होतं.

पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. घरी पहिल्याच जेवणाला वडिलांनी दह्याची वाटी डोळ्यांजवळ धरली आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"एवढी मेथी घालत हुतीस व्हय?"

"दिसतिया न्हवं?" आईनं विचारलं, आणि इतके महिने एकदाही न रडलेली आई तिथंच खाली बसून रडली.