नकोताईंनी बंद केलेला नंबर

ऑफिसात तिला सगळे नकोताई म्हणत. चिडवायला म्हणत, पण तिला त्याचं काही वाटत नसे, कारण नाव कामावरूनच पडलं होतं. तिच्या कंपनीचं सॉफ्टवेअर दुकानं, बँका, विमेवाले, दवाखाने अशा सतराशे साठ लोकांच्या वतीने गिऱ्हाइकांना आपोआप फोन लावायचं. ज्यांच्या नाकी नऊ यायचे ते ओरडून सांगायचे, पुन्हा फोन करू नका. असे नंबर 'संपर्क नको' यादीत घालायचे, हे तिचं काम. अख्खी कंपनी लोकांना छळते आणि आपण एकट्या त्यांना सोडवतो, अशी तिने मनाची समजूत घातली होती. पगार छळणाऱ्यांच्याच पैशातून येतो, हे मात्र ती फारसं आठवत नसे.

यादीत घालायचे दोन प्रकार होते. 'जाहिराती बंद' हे बटण फोन लावून घेणाऱ्या एकेका कंपनीसाठी वेगळं दाबावं लागे. 'सगळं बंद' एकदाच दाबलं की पुरे, मग त्या नंबरावर चिटपाखरूही फिरकत नसे. नव्या पोरींना शिकवताना ती डोळे वटारून बजावायची, "ज्याचा नंबर आहे त्याला विचारल्याशिवाय 'सगळं बंद'ला हात लावायचा नाही. त्याला काय हवंय ते ठरवणारे आपण कोण?"

तिचे वडील, अण्णा, घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान सुटलं तरी खिडकीशी टेबल मांडलेलं होतं. एक डोळा काचबिंदूने आधीच नेला होता. दुसऱ्याला भिंग लावून ते अजून लोकांची घड्याळं खोलत. त्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आहे तेवढी नजर वाचेल, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हॉस्पिटलात रांग मोठी. तारीख निघाली की फोन येईल, होकार मिळाला नाही तर पाळी पुढच्याला जाईल, असा तिथला नियम.

एका दुपारी अण्णा चिमट्यात बारीकसा स्क्रू धरून बसले होते. फोन वाजला, हात हलला, स्क्रू उडाला. कर्ज हवंय का म्हणून एक गोड आवाज विचारत होता. संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा अण्णा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते.

"या मेल्यांना आवरणारं कुणी आहे की नाही गं?"

"आहे ना. मीच आहे," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी तिने अण्णांचा नंबर काढला. कंपन्यांची ती लांबलचक रांग बघून एकेक बटण दाबणं तिच्या जिवावर आलं. स्वतःच्या बापाचा तर नंबर, त्यात विचारायचं काय? तिने 'सगळं बंद' दाबलं. हॉस्पिटलही याच सॉफ्टवेअरवरून फोन लावतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या वेळी डोक्यात आलंच नाही, एवढंच. परक्यांसाठी डोळ्यांत तेल घालून बसणारी माणसं घरच्यांच्या बाबतीत अशीच बिनधास्त असतात.

घर शांत झालं. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "माझ्या लेकीचा वट आहे. एक फोन येत नाही." तारखेचाही येत नव्हता. "मोठं हॉस्पिटल, वेळ लागायचाच," ते म्हणत. "धीर धरा," ती म्हणे. मग घड्याळातले काटे वाकडे बसू लागले. मग एकदा अण्णांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला.

तेव्हा कुठे ती तावातावाने हॉस्पिटलात गेली आणि काउंटरवरच्या बाईला तिने फैलावर घेतलं. "म्हातारा माणूस फोनकडे कान लावून बसलाय. लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

बाईने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "दोनदा तारीख निघाली होती हो. दोन्ही वेळा फोन गेलाच नाही. हे बघा, नंबरच बंद करून ठेवलाय. आम्ही नाही, तुमच्याकडूनच."

खाली बंद करणाऱ्याची खूण होती. तीच खूण ती रोज उठून कितीतरी नंबरांपुढे टाकत असे. मागे उभा असलेला एक गृहस्थ म्हणाला, "आधी घरी विचारून यावं बाई, मग भांडावं."

डॉक्टरांनी अण्णांना तपासलं आणि मान हलवली. उशीर झाला होता, आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

लपवावं असं तिला फार वाटलं. तरी त्याच संध्याकाळी तिने सगळं सांगून टाकलं. अण्णा कितीतरी वेळ टेबलावरून हात फिरवत राहिले.

"बंद करण्याआधी विचारतात ना गं तुमच्याकडे?"

"विचारतात."

"मला नाही विचारलंस."



ऑफिसात कुणाला काही कळलं नाही. उलट साहेबांनी बैठकीत जाहीर केलं की यादीतल्या एकाही नंबरावर चुकून फोन गेलेला नाही, आणि याचं श्रेय नकोताईंना. टाळ्या वाजल्या. तिला त्या टाळ्यांची किळस आली. जागेवर येऊन तिने आधी अण्णांचा नंबर यादीतून काढला.

आता फोन पुन्हा दिवसभर वाजतो. कर्जवाले, विमेवाले, प्लॉटवाले. अण्णा फोन मांडीवर घेऊनच बसतात, पहिल्या घंटीला उचलतात आणि शेवटपर्यंत ऐकून घेतात. रेकॉर्ड केलेल्या आवाजालाही "हो हो, बोला" म्हणतात. एकदा तिला राहवलं नाही.

"अण्णा, निदान जाहिराती तरी बंद करू का? या वेळी विचारतेय तुम्हाला."

"नको," अण्णा म्हणाले. "कुणाचा असेल काय सांगावं. तू माझ्या फोनला हात लावू नकोस."